सेफ मोडमध्ये चालला, म्हणजे हार्डवेअर ठीक? मावशीच्या पीसीने काढलेली माझी चूक

हे आजच्या भागाचं शब्दांकन. विरार लोकलमध्ये उभे असाल तर ऐका, नशिबाने बसायला मिळालं असेल तर वाचा. रेकॉर्डिंगमधले माझे 'अं… म्हणजे…' आणि मागून ऐकू येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय सेफ मोड. कॉम्प्युटर बिघडला की कुणीतरी ज्ञानी माणूस म्हणतोच, "सेफ मोडमध्ये टाकून बघ, लगेच कळेल हार्डवेअर गेलंय की सॉफ्टवेअर." आमच्या घरात तो ज्ञानी माणूस मीच. आणि या जूनमध्ये मी हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने बोललो, की मावशीच्या १२ वर्षांच्या कामावर जवळजवळ पाणी फिरलं असतं. म्हणून हा भाग.

आधी प्रकरण काय ते सांगतो

माझी मावशी आगाशीत राहते. विरारला पश्चिमेला उतरायचं, अर्नाळ्याकडे जाणारी शेअर रिक्षा पकडायची आणि मध्येच आगाशीला उतरायचं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, भजनी मंडळाच्या पावत्या, आणि सीझनला सुकेळीच्या पाकिटांची लेबलं. बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती. आमच्या भागाची खासियत. विषय केळ्यांवर गेला की मी थांबत नाही, त्यामुळे परत पीसीकडे येऊ.

पीसी २०१७ साली असेंबल केलेला. मागच्या वर्षी मीच त्यात एक सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं होतं. डी ड्राइव्हवर मावशीचं १२ वर्षांचं काम. जुनं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, मोठीच्या लग्नात केली होती तशीच पत्रिका धाकटीची करा," आणि मावशी २ मिनिटांत ती फाइल काढते. तिचा धंदा त्या ड्राइव्हवर उभा आहे. बॅकअप? एक पेनड्राइव्ह होता. कुठे आहे, ते घरात कुणाला माहीत नाही.

पहिला पाऊस पडला, लाईटची ये-जा सुरू झाली, आणि पीसी मध्येच बंद पडून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. मेल बघताना काही नाही. कोरलड्रॉ उघडून मोठा बॅनर झूम केला की १५-२० मिनिटांत स्क्रीन काळी, आणि परत विंडोजचा लोगो. जवळच्या एका दुकानातून माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, मदरबोर्ड गेलाय. बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं बदलायचं, १४,००० रुपये. विंडोज नव्याने टाकावं लागेल आणि डेटाची गॅरंटी नाही.

मावशीचा फोन आला. "अरे, तू इंजिनिअर ना? जरा येऊन बघ. त्यांचं मला काही पटत नाही."

आता गंमत अशी, की मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेकच्या ४ वर्षांत स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तो हॉस्टेलचा टेबल फॅन उघडायला. पण मावशीला नाही कोण म्हणणार?

सेफ मोड नक्की करतो काय?

विंडोज सुरू होताना ते एकटं सुरू होत नाही. सोबत ड्रायव्हरांची फौज येते. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादा भाग यांच्यामधला दुभाषा. ग्राफिक्स कार्डाचा वेगळा, साउंडचा वेगळा, वायफायचा वेगळा, प्रिंटरचा वेगळा. वर अँटिव्हायरस, क्लाउड सिंक, प्रिंटरवाल्याचं अपडेटर, गेमचं लाँचर.

सेफ मोडमध्ये विंडोज म्हणतं, "आज घरची माणसंच येतील, पाहुणे नकोत." कुणाला आत घ्यायचं याची यादी रजिस्ट्रीत 'सेफबूट' नावाखाली लिहिलेली असते. त्यात दोन भाग आहेत: एक कमीत कमी गरजेपुरता, दुसरा नेटवर्कसकट. यादीत नाव नसेल तर तो ड्रायव्हर बाहेरच. कीबोर्ड, माउस, डिस्क एवढं चालतं. आवाज बहुतेक येत नाही. आणि ग्राफिक्स कार्ड कितीही भारी असो, चित्र दाखवायचं काम मायक्रोसॉफ्टचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर करतो. कार्डाची खरी ताकद झोपलेलीच राहते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. माझं सगळं गाडं तिथेच अडकलं.

कल्पना जुनी आहे. विंडोज ९५ मध्ये सेफ मोड होता, आणि विंडोज ७ पर्यंत चालू होताना एफ ८ दाबलं की मेनू यायचा. विंडोज ८ पासून बूटिंग इतकं झटपट झालं की ते बटण मुळातच बंद ठेवलं जातं. त्यामुळे 'एफ ८ दाबतोय, दाबतोय, काहीच होत नाही' असं म्हणणाऱ्यांनो, तुमचा कीबोर्ड बहुतेक ठीक आहे.

माझी पहिली चूक

मी मावशीकडे पोचलो, पीसी सेफ मोडमध्ये टाकला आणि २ तास तसाच ठेवला. मधे चहा झाला, पोहे झाले. एकदाही रीस्टार्ट नाही.

मी जाहीर केलं, "मावशी, हार्डवेअर ठणठणीत आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडलाय. विंडोज फॉरमॅट मारतो, तासाभरात नवा कोरा."

ऐकायला किती तर्कशुद्ध वाटतं ना? सेफ मोडमध्ये ड्रायव्हर नव्हते, त्रास नव्हता, म्हणजे ड्रायव्हर दोषी.

मावशीने एकच प्रश्न विचारला. "आणि माझ्या पत्रिका?"

म्हणून फॉरमॅटच्या आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर डी ड्राइव्ह कॉपी करायला लावला, सेफ मोडमध्येच. रात्रभर चाललं. कोरल आणि श्रीलिपी परत टाकायचा कंटाळा आला होता, म्हणून सकाळी विचार केला, फॉरमॅटच्या ऐवजी आधी फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकू. टाकला. मावशीने बॅनर उघडला. १० मिनिटांत स्क्रीन काळी.

समजा मी फॉरमॅट मारून बसलो असतो, तरी हेच झालं असतं. फक्त जोडीला मावशीचे फॉन्ट, सेटिंग, सगळं गेलं असतं. आणि बॅकअप न घेता मारलं असतं तर… जाऊ दे.

सेफ मोड एकाच वेळी दोन गोष्टी बदलतो

परतीच्या गाडीत डोक्यात प्रकाश पडला. आपण ऑफिसात डिबगिंग करताना पहिला नियम काय पाळतो? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

सेफ मोड नेमकं तेच करतो. एक, बाहेरचे ड्रायव्हर आणि प्रोग्राम काढतो. दोन, मशीनवरचा भार उतरवतो. ग्राफिक्स कार्ड आरामात, प्रोसेसर आरामात, पंखा मंद, वीज कमी लागते, गरमी कमी. सेफ मोडमध्ये कोरलमध्ये १५ फुटी बॅनर कुणी करत नाही. मी तर २ तास नुसता डेस्कटॉप बघत बसलो होतो.

म्हणजे गुडघा दुखणाऱ्या माणसाला २ तास खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, "बघा, दुखत नाही ना? गुडघा उत्तम आहे."

भार पडल्यावरच रुसणारे भाग कोणते? धुळीने तुंबलेला पंखा. वाळलेली थर्मल पेस्ट. कमजोर ग्राफिक्स कार्ड. आणि एसएमपीएस, म्हणजे डब्यातली ती चौकोनी पेटी, जी घरातली वीज घेऊन आतल्या भागांना १२ व्होल्ट, ५ व्होल्ट अशी वाटून देते. यातलं काहीही बिघडलेलं असलं तरी सेफ मोडमध्ये मशीन शहाण्यासारखं वागू शकतं.

आणि एक पुरावा माझ्या डोळ्यासमोर होता, मी बघितलाच नाही. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर म्हणून एक नोंदवही असते. तिथे प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद होती. ही नोंद बघून लोक घाबरतात, पण ती एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कारण सांगत नाही. पण तिच्या आत 'बगचेक कोड' नावाचा रकाना असतो, आणि मावशीच्या पीसीत तो दर वेळी ० होता. ड्रायव्हरने घोळ घातला तर साधारणपणे निळी स्क्रीन येते आणि तिथे काहीतरी कोड नोंदला जातो. निळी स्क्रीन नाही, कोड ०, थेट अंधार. म्हणजे विंडोजला स्वतःला काय झालं ते लिहायलाही वेळ मिळाला नाही. अशा वेळी पहिला संशय विजेवर घ्यायचा.

पण सेफ मोड अगदीच बिनकामाचा? मुळीच नाही

आता उलटी बाजू. १९ जुलै २०२४, शुक्रवार. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी विमानतळावर अडकला होतात का? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९:३९ ला एक सदोष अपडेट पाठवलं. ७८ मिनिटांत मागे घेतलं, पण तोवर ते जगभर पोचलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर आदळल्या. एकूण विंडोज मशीनच्या १ टक्क्याहूनही कमी, पण त्या होत्या विमानतळ, बँका, हॉस्पिटलं अशा ठिकाणी. मुंबई विमानतळावर चेक-इन हाताने करायची वेळ आली, देशात काही ठिकाणी प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

आता बघा, त्या मशीन दिसायला कशा होत्या? चालू होते, निळी स्क्रीन, रीस्टार्ट, पुन्हा निळी स्क्रीन. अपडेटचं माहीत नसतं तर कुणीही म्हटलं असतं, 'रॅम गेली,' 'बोर्ड गेला.' प्रत्यक्षात हार्डवेअरला काहीच झालं नव्हतं. त्या कंपनीचा ड्रायव्हर बूट होतानाच लोड होतो, सदोष फाइल वाचतो आणि कोसळतो. दर वेळी तेच. सेफ मोडच्या यादीत तो नाही. म्हणून उपाय असा सांगितला गेला: सेफ मोडमध्ये किंवा विंडोजच्या रिकव्हरी स्क्रीनमधून आत जा, ती एक फाइल पुसा, रीस्टार्ट करा.

किती सोपं! फक्त निळ्या स्क्रीनवर अडकलेल्या मशीनला नेटवरून हात लावता येत नव्हता. आयटीवाले एकेका मशीनसमोर बसून हे करत होते. आणि जिथे डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती तिथे आधी ४८ आकड्यांची रिकव्हरी की टाकायची. ती की कुठे लिहून ठेवलीय? काही ठिकाणी त्याच बंद पडलेल्या सर्व्हरवर.

तर सेफ मोडची ताकद ही आहे. चालू होतानाच मशीन कोसळत असेल, निळी स्क्रीन येत असेल आणि सेफ मोडमध्ये शांत असेल, तर संशय ड्रायव्हरवर किंवा एखाद्या प्रोग्रामवर पक्का होतो. मावशीच्या पीसीत मात्र चालू व्हायला त्रास नव्हता, निळी स्क्रीन नव्हती, आणि बंद पडायचा तो काम वाढल्यावर. तीनही खुणा वेगळ्या होत्या. मी उत्तर मात्र तेच दिलं.

दुसरा सापळा, जिथे मी पुन्हा पडणार होतो

पुढच्या शनिवारी परत गेलो. या वेळी विंडोज नॉर्मल मोडमध्येच ठेवलं आणि ग्राफिक्स कार्ड काढलं. मॉनिटरची वायर बोर्डवरच्या पोर्टला लावली. मावशीने दिवसभर काम केलं. जरा अडखळत चाललं, पण एकदाही बंद नाही.

झालं! कार्ड खराब. मीच सेकंडहँड आणलेलं, मीच फसलो. नवीन कार्डाच्या किमती बघायलाही लागलो.

पण मग मनात आलं, थांब. कार्ड काढलं म्हणजे पुन्हा दोन गोष्टी बदलल्या. कार्ड गेलं, आणि कार्ड जी वीज खायचं ती वाचली. भार परत कमी झाला. सेफ मोडसारखंच झालं की हे!

मग कार्ड घरी आणून माझ्या पीसीत बसवलं. ३ तास गेम खेळलो. चाचणीसाठीच, आईशप्पथ. कार्ड एकदम मस्त.

आता उरला एसएमपीएस. रविवारी माझ्या पीसीचा एसएमपीएस पिशवीत घालून आगाशीला नेला. मावशीच्या डब्यात तिचं कार्ड परत बसवलं, वीज फक्त माझ्या एसएमपीएसची. बाकी सगळं जसंच्या तसं. बॅनर उघडला, झूम केला, एक्सपोर्ट केला, ४ तास काम. काही नाही. जुना एसएमपीएस परत लावला, २० मिनिटांत अंधार.

तेव्हा कुठे मी 'सापडलं' म्हणालो. कारण या वेळी एकच गोष्ट बदलली होती, आणि ती परत आणल्यावर त्रासही परत आला. नवीन एसएमपीएस बसवला, २,३०० रुपये. मदरबोर्ड तोच, विंडोज तेच, पत्रिका जिथल्या तिथे.

त्या दुकानवाल्याला मी शिव्या घालणार नाही. त्याने घाईत एक अंदाज केला, मी पोहे खात दुसरा केला. चूक एकाच जातीची होती.

महत्त्वाचं: डब्याला हात लावण्याआधी मागचं बटण बंद करा आणि प्लग काढा. आणि एसएमपीएसची पेटी स्वतः कधीही उघडायची नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहू शकतं. पेटी आख्खी बदलायची, आत डोकवायचं नाही.

मग सेफ मोडला कौल द्यायचा की नाही?

द्यायचा. फुकट आहे, ५ मिनिटांचं काम आहे, आणि काही पुसलं जात नाही. फक्त त्याला न्यायाधीश करायचं नाही, साक्षीदार म्हणून बोलवायचं. तो काय बोलला की काय समजायचं, ते असं.

सेफ मोडमध्येही तोच त्रास तसाच होतोय. मग बाहेरचे ड्रायव्हर आणि प्रोग्राम बहुतेक सुटले. संशय हार्डवेअरवर किंवा विंडोजच्या स्वतःच्या फाइलींवर. या दोघांना वेगळं करायचं तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा. उबुंटू वगैरे इन्स्टॉल न करता नुसतं 'ट्राय' करता येतं. इन्स्टॉलचं बटण मात्र चुकूनही दाबू नका. वेगळी सिस्टिम, वेगळे ड्रायव्हर, आणि तरी तसंच कोसळतंय? मग हार्डवेअरच. रॅमसाठी विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक आहे, जास्त कडक परीक्षा हवी तर मेमटेस्ट ८६ रात्रभर लावा. रॅमची पट्टी काढून, तिचे सोनेरी दात पुसून परत बसवली तरी बऱ्याचदा काम होतं. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत तर हे आधी करून बघा.

सेफ मोडमध्ये शांत, आणि नॉर्मलमध्ये काही काम न करताही त्रास. इथे ड्रायव्हर किंवा प्रोग्रामवरचा संशय खराच जड आहे. नुकतंच काय टाकलं, काय अपडेट झालं ते आठवा. सेफ मोडमधून ते काढा किंवा ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्या.

सेफ मोडमध्ये शांत, आणि नॉर्मलमध्ये काम वाढल्यावरच त्रास. हे मावशीचं प्रकरण. इथे सेफ मोडने काहीही सिद्ध केलेलं नाही. तापमान बघा, धूळ काढा, नोंदवहीतला कोड बघा, आणि मग एकेक भाग बदलून.

आणि दोन प्रसंगी सेफ मोडच्या वाटेलाच जायचं नाही. पहिला, विंडोजचा लोगो यायच्याही आधीचा त्रास: स्क्रीनच येत नाही, नुसते बीप वाजतात, बायोसला डिस्कच दिसत नाही. सेफ मोड हा विंडोजचा भाग आहे, तिथवर गाडी पोचलीच नाही तर तो काय करणार? दुसरा, हार्ड डिस्कमधून टकटक, खरखर आवाज येतोय. सेफ मोडसुद्धा त्याच मरणपंथाला लागलेल्या डिस्कवरून सुरू होतो. दर वेळी चालू केलं की तिचं आयुष्य कमी. तिथे बंद करा. डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्या जाणकाराकडेच द्या.

आत जायचं कसं, आणि बाहेर यायचं कसं

विंडोज १० आणि ११ मध्ये सोपा रस्ता: शिफ्ट दाबून ठेवा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळा मेनू येईल. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट. यादी आली की ४ म्हणजे साधा सेफ मोड, ५ म्हणजे नेटवर्कसकट. वायफाय चालेलच असं नाही, लॅनची वायर जवळ ठेवा. काम झालं की नुसतं रीस्टार्ट करा, नॉर्मल येईल.

दुसरा रस्ता एमएसकॉन्फिग. तिथे बूट टॅबमध्ये सेफ बूटवर टिक करतात. यात खड्डा आहे. ती टिक काढेपर्यंत मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उघडतं. त्यात काही मशीनवर सेफ मोडमध्ये पिन चालत नाही, पासवर्ड मागतो. पासवर्ड आठवत नाही? मग आत जाता येत नाही, आणि टिक काढायला आत जायला हवं. स्वतःलाच घरात कोंडून किल्ली बाहेर फेकण्याचा प्रकार. म्हणून शिफ्टवाला रस्ताच धरा.

आणि सगळ्यांच्या आधी, बिटलॉकरची की. आजकाल बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन मालकाला पत्ता नसताना चालू असतं. की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. मशीन धड असतानाच ती बघा, कागदावर लिहा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

"आमच्याकडे पीसीच नाही, फोनच आहे"

माहितीये, तुमच्यातले बरेच जण हे फोनवरच ऐकताय. अँड्रॉइडमध्येही सेफ मोड आहे. पॉवर मेनू उघडायचा, 'पॉवर ऑफ' किंवा 'रीस्टार्ट'वर बोट दाबून धरायचं, सेफ मोड विचारतो. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो. तिथे तुम्ही नंतर टाकलेली सगळी ॲप झोपतात, फोनसोबत आलेली तेवढी चालतात. बाहेर यायला नुसतं रीस्टार्ट. होम स्क्रीनवरची काही विजेट परत लावावी लागतील, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढा.

फोन तापतोय, बॅटरी पळतेय, आपोआप बंद होतोय, तर सेफ मोडमध्ये अर्धा दिवस वापरून बघा. सुधारला तर अलीकडे टाकलेली ॲप एकेक करून काढा. पण मावशीचा धडा इथेही लागू. सेफ मोडमध्ये रील नाहीत, गेम नाही, म्हणजे बॅटरीवर ताण नाही. ३०-४० टक्क्यांवर धाडकन बंद पडणारी म्हातारी बॅटरी सेफ मोडमध्ये तरुण वाटू शकते. म्हणून सेफ मोडमध्येच फोनच्या मूळ कॅमेऱ्यावर १५ मिनिटं व्हिडिओ शूट करा. तेव्हा बंद पडला, तर ॲपला दोष देऊ नका, बॅटरी तपासून घ्या. फॅक्टरी रीसेट मारण्याआधी तर नक्कीच. रीसेटने फोटो जातात, बॅटरी मात्र तीच राहते.

जाता जाता

मावशीकडे आता दर रविवारी बॅकअप होतो. बाहेरची हार्ड डिस्क गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली. आणि पीसीला यूपीएस लावलाय, कारण पावसाळा अजून बाकी आहे आणि आगाशीची लाईट आपल्या मर्जीने चालते.

परवा फोनवर म्हणाली, "तू त्या दिवशी फॉरमॅट मारलं असतंस ना, तर तुला सुकेळी मिळाली नसती." मी हसलो, पण गंभीरपणे सांगतो, त्या दिवशी मला वाचवलं ते तिच्या "आणि माझ्या पत्रिका?" या प्रश्नाने. माझ्या डिग्रीने नाही.

तुमच्याकडे मशीन बिघडलं तर आधी डेटा बाहेर काढा, मग सेफ मोडमध्ये टाका, आणि तो काहीही बोलला तरी स्वतःला एक प्रश्न विचारा: मी आत्ता नक्की किती गोष्टी बदलल्या? उत्तर एकापेक्षा जास्त असेल, तर निकाल द्यायची घाई करू नका.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत बॅकअप घ्या. आत्ता, लगेच. लोकलमध्ये असाल तर घरी गेल्यावर.